चांद्यावर बर्फ होता

चंद्रपूरजवळ, म्हणजे जुन्या चांद्याजवळ, पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. तिथं नदीने उघडा पाडलेला चुनखडकाचा एक सपाट भाग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडन यांना दिसला आणि १८७५ साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं. खडक झिजून गुळगुळीत झालेला होता. त्यावर सरळ, लांब, एकमेकांना समांतर असे ओरखडे होते. आणि या झिजलेल्या खडकावर धोंडे आणि चिखल यांचा एक विचित्र थर बसलेला होता.

वाहतं पाणी खडकाला गोलाई देतं, त्यात रांजणखळगे कोरतं. पट्टी लावून आखल्यासारख्या समांतर रेघा ओढणं पाण्याला जमत नाही. त्यासाठी दगड घट्ट धरून ठेवणारं आणि प्रचंड वजनाने खालच्या खडकावरून एकाच दिशेला सरकणारं काहीतरी लागतं. कानशीने लोखंड घासावं तसा खालचा खडक घासणारं हे काहीतरी म्हणजे बर्फ. तळाशी दगड गोठवून घेतलेला, सावकाश सरकणारा, अजस्र जाडीचा बर्फ.

मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो ते हे चंद्रपूर. दुपारी रस्ते ओस पडतात, माणसं डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. त्याच जमिनीच्या पोटात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीची खूण आहे. ही गोष्ट मी कितीही वेळा वाचली तरी तिची नवलाई ओसरत नाही.

त्या ओरखड्यांवर बसलेला थरही तितकाच बोलका आहे. नदी गाळ टाकते तेव्हा तो निवडून टाकते. वेग असेल तिथं गोटे, वेग मंदावला की वाळू, आणि पाणी जवळपास थांबलं की मगच चिखल. म्हणून नदीच्या गाळात बारीक आणि जाड वेगवेगळे झालेले दिसतात. बर्फाला अशी निवड नसते. डोंगराएवढ्या वजनाखाली भरडलेलं पीठ आणि माणसाच्या उंचीचा धोंडा तो एकाच फटक्यात वाहून नेतो, आणि वितळला की सगळं एकत्र तिथंच सोडून देतो. इरईचा थर असाच आहे: बारीक मातीत लहानमोठे दगड कसेही रुतलेले, त्यातले काही दगड एका बाजूने सपाट घासलेले, आणि त्यांच्याही अंगावर ओरखडे. या थरांना तालचीर हे नाव आहे, ते ओडिशातल्या तालचेरवरून. तिथं असेच थर पाहून विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे भाऊ आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड यांनी १८५६ मध्येच बर्फाचं नाव घेतलं होतं.

तालचीर थरांमध्ये हिरवट रंगाचा, सुईसारखे तुकडे पडणारा चिकणमातीचा खडकही सापडतो. तो शांत, थंड पाण्यात कणाकणाने बसलेला आहे. अशा शांत थरांमध्ये मधूनच एखादा दगड असतो, आणि त्याच्या खालचे थर दबलेले असतात. म्हणजे तो वरून पडला. शांत पाण्याच्या मधोमध वरून दगड कसा पडेल? तरंगत आलेला हिमखंड तिथं वितळला, आणि त्याच्या पोटातला दगड तळाला गेला. एका दगडाचं बुडणं तीस कोटी वर्षं टिकलं आहे. कुठल्याही राजाच्या शिलालेखाला एवढं आयुष्य लाभलेलं नाही.

हे सगळं मान्य करणं त्या काळी सोपं नव्हतं. उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या जागी, हिमालयापासून इतक्या लांब बर्फ कसा? खंड आपल्या जागी कायमचे खिळलेले आहेत, असं तेव्हा जवळपास सगळेच धरून चालत. मग एक तर सगळी पृथ्वी गोठली होती असं म्हणा, नाही तर पुरावाच खोटा ठरवा. फेडन यांनी पाहिलं ते लिहून ठेवलं. त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण मिळायला आणखी काही दशकं जावी लागली. १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात ही कल्पना मांडली. भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका इथल्या या जुन्या हिमनद्यांच्या खुणा हा त्यांचा एक भक्कम पुरावा होता. हे भूखंड एकमेकांना जोडून पाहिले की विखुरलेल्या खुणा दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र येतात. चांद्याला बर्फ आला नव्हता, चांदाच बर्फाच्या प्रदेशात होता. फेडन यांचे ओरखडे वेगेनर यांच्या आधी सदतीस वर्षं छापून तयार होते. खडकाने साक्ष दिली होती, ती ऐकायला लागणारी कल्पना अजून जन्मायची होती.

बर्फ हळूहळू मागे हटला. त्याच्यानंतरचं पान चंद्रपूरकर रोज पाहतात, कारण त्याच्यावर सगळा जिल्हा चालतो. घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, दुर्गापूर, राजुरा इथला दगडी कोळसा म्हणजे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतलं रान.

झाड मेलं की साधारणपणे कुजतं आणि त्याच्यातला कार्बन हवेत परत जातो. कोळसा होण्यासाठी हे कुजणं अडवावं लागतं. झाड साचलेल्या पाण्यात पडलं पाहिजे, जिथं प्राणवायू जवळपास नाही. नुसतं एवढ्याने भागत नाही. जमीन सतत, पण फार घाईने नव्हे, खचत राहिली पाहिजे. खचण्याचा वेग जास्त झाला तर तळं खोल होऊन रान बुडतं, कमी झाला तर दलदल भरून कोरडी होते. वर्धा आणि प्राणहिता-गोदावरी यांच्या खोऱ्यांत जमिनीला लांबच लांब भेगा पडून मधला पट्टा खाली बसत होता. इथल्या कोळशाचा मुख्य थर काही ठिकाणी पंधरा मीटरपेक्षा जाड आहे. मेलेली झाडं दाबली जाऊन कोळसा होताना कित्येक पटींनी आकसतात. तेव्हा एवढ्या जाडीसाठी त्या दलदलीने किती पिढ्यांचं रान गिळलं असेल आणि तोल किती काळ राखला असेल!

या रानातलं मुख्य झाड होतं ग्लॉसोप्टेरिस. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध ठळक शीर, आणि तिच्यापासून कडेपर्यंत जाळं विणत गेलेल्या बारीक शिरा. कोळशाच्या थरांलगतच्या राखाडी पाटीसारख्या दगडांत ही पानं सापडतात, आणि पुष्कळदा एकट्यादुकट्याने नाही, एकावर एक पसरलेल्या थरांत. म्हणजे ती एका हंगामात एकदम गळत असावीत. त्या काळच्या खोडांत वाढीची वर्तुळंही दिसतात. वर्षभर सारखंच हवामान असेल तर झाडाला अशी वर्तुळं पडत नाहीत. या रानाला हिवाळा होता, आणि त्या हिवाळ्यात झाडं वाढ थांबवत होती.

ग्लॉसोप्टेरिसची पानं आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेतही आहेत. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. अन्न संपत आलं होतं, पाय गोठले होते, तरी ते दगड त्यांनी टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पानं होती. अंटार्क्टिकाच्या डोंगरातलं पान आणि बल्लारपूरच्या खाणीतलं पान एकाच कुळातलं निघालं.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची राख हा तिथल्या माणसांच्या रोजच्या त्रासाचा विषय आहे, आणि तीही याच गोष्टीचा भाग आहे. भारतीय कोळशात राख फार, बहुधा ३० ते ४० टक्के. ही राख म्हणजे मुख्यतः माती. पुराचं पाणी त्या दलदलीत शिरायचं, झाडांच्या लगद्यात चिखल आणि बारीक वाळू मिसळून जायची. झाडातला कार्बन जळतो, माती जळत नाही. चिमणीखाली साठते ती त्या नद्यांनी आणलेली माती आहे. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेल्या धुळीत अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचे पूर आहेत, हे कळलं म्हणून त्रास कमी होत नाही. पण पृथ्वी काहीही वाया घालवत नाही, याचा इतका रोकडा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पुढे थरांचा रंग बदलतो. काळा जातो, तांबडा येतो. लोह हवेत उघडं पडलं की गंजतं. दलदलीत पाण्याखाली असलेल्या मातीला हवा मिळत नाही, म्हणून ती करडी-काळी राहते. जमीन कोरडी पडून, भिजून, पुन्हा कोरडी पडत राहिली की माती तांबडी होते. वर्धा खोऱ्यातल्या मांगली इथल्या सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे रुंद, बसक्या डोक्याच्या उभयचर प्राण्याची कवटी, जिला लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकीऑप्स हे नाव दिलं. दुसरी म्हणजे शिंपल्यासारख्या दोन झडपांमध्ये बसणाऱ्या, नखाहून लहान कवचधारी प्राण्यांचे ढीग. कवटी संग्रहालयात मान मिळवते, पण मला हे चिमुकले जास्त प्रिय आहेत. त्यांचे आजचे भाऊबंद पावसाळी डबक्यांत राहतात. डबकं आटण्याआधी ते घाईघाईने अंडी घालतात, आणि ती अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पावसाची वाट पाहत तग धरतात. अशा प्राण्यांचे ढीग दिसले की बारमाही तळ्यापेक्षा आटणाऱ्या डबक्यांचा संशय आधी येतो. पाऊस ठरावीक महिन्यांतच पडत होता, हे त्या कवचांनी सांगितलं.

मांगलीचे हे जीवाश्म जगापुढे आणण्यात नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांचा वाटा मोठा होता. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून आलेला हा स्कॉटिश माणूस शाळा काढता काढता दगड गोळा करू लागला आणि मध्य भारताच्या भूविज्ञानाचा पाया घालून गेला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. नागपुरात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. तिथून शिकून गेलेल्या किती जणांना त्यांचे दगड ठाऊक असतील, कोण जाणे.

दक्षिणेला, सिरोंचाच्या बाजूला, प्राणहितेच्या काठावर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे कोटा थर आहेत. तिथल्या चुनखडकात चकचकीत खवल्यांचे मासे सापडतात, जवळच दगड झालेली खोडं आहेत. नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, बारापासॉरस हा प्रचंड डायनोसॉर मिळाला. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी खणला गेला म्हणून त्याच्या नावापुढे टागोराय लागलं. त्याचा सांगाडा कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. पण मला थांबायचं आहे ते वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला.

पिसदुऱ्याच्या शेतांत हाडं सापडतात, डायनोसॉरची आणि कासवांची. मात्र गावाचं नाव जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आलं ते शेणामुळे. तांबूस मातीत दगडासारखे कडक गोळे पडलेले असतात, काही मुठीएवढे, काही त्याहून मोठे. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास छापला. ही दगड झालेली विष्ठा आहे, दख्खनवर लाव्हा येण्याच्या थोडं आधीची, म्हणजे सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीची.

शेण टिकून राहणं हीच मुळात बातमी आहे. जोराच्या पुरात ते विरघळून गेलं असतं. कडक जमिनीवर पडून राहिलं असतं तर किड्यांनी आणि उन्हाने संपवलं असतं. ते मऊ चिखलात पडलं, त्यावर लवकरच बारीक गाळाचं पांघरूण आलं आणि भूजलातल्या क्षारांनी त्याचा दगड केला. पिसदुरा तेव्हा पूरमैदान होतं, नदीच्या मुख्य धारेपासून थोडं दूर, जिथं पुराचं पाणी सावकाश पसरायचं आणि चिखल टाकून ओसरायचं.

या गोळ्यांच्या आत काय आहे? सूक्ष्मदर्शकाखाली परागकण दिसले, वनस्पतींचे तंतू दिसले, आणि बुरशीचे बीजाणूही दिसले. त्यात आपल्या शेतकऱ्यांना भुरी आणि करपा या नावांनी ठाऊक असलेल्या रोगांच्या बुरशींचे नातलग आहेत. या बुरशी पानांवर वाढतात. म्हणजे प्राणी झाडांची पानं ओरबाडत होता, आणि ती पानं रोगट होती. भुरी-करपा यायला उबदार, दमट दिवस लागतात. द्राक्षाच्या बागेत जो अंदाज बागाईतदार ढगाळ हवा पाहून करतो, तोच अंदाज इथं उलट्या दिशेने करता येतो: रोग दिसला, म्हणजे तशी हवा होती.

खरा धक्का मात्र २००५ मध्ये बसला. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी हे गोळे आम्लात विरघळवले आणि उरलेला काचेसारखा चुरा तपासला. झाडं मुळांतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका शोषतात आणि पेशींमध्ये तिचे सूक्ष्म खडे बनवतात. गवताचं पातं बोटाला कापतं ते मुख्यतः या सिलिकेमुळे. पान कुजतं, पचतं, जळतं, पण हे खडे उरतात, आणि प्रत्येक कुळाचा घाट वेगळा असतो. पिसदुऱ्याच्या शेणात त्यांना सूचिपर्णी झाडांचे, ताडकुळाचे, इतर झाडांचे खडे मिळाले, आणि त्यांच्यात गवताचे. एक-दोन नव्हे, निदान पाच प्रकारच्या गवतांचे.

तोवर समज असा होता की गवत डायनोसॉरांनंतर आलं. चित्रकार डायनोसॉर रंगवताना त्यांच्या पायाशी नेचे काढत, गवत काढत नसत, आणि जाणकारही ते बरोबरच मानत. पिसदुऱ्याने ते चित्र बदललं. गवत होतं, त्याच्या शाखाही फुटलेल्या होत्या आणि कुणीतरी ते खातही होतं. २०११ मध्ये याच गोळ्यांतून भाताच्या गटातल्या गवतांच्या खुणाही ओळखल्या गेल्या. तो आपला भात नव्हे, त्याच्या दूरच्या पूर्वजांचा गोतावळा. तरी चंद्रपूरच्या पूर्वेकडे ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या बांध्यांमध्ये धान डोलताना पाहिलं की ही गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. आणखी एक विचार करा. तेव्हा भारत समुद्रातून उत्तरेला सरकणारं एक मोठं बेट होतं. एवढ्या प्रकारचं गवत बेटावर आहे, याचा अर्थ भारत बाकीच्या भूखंडांपासून तुटायच्या आधीच गवताचा प्रवास सुरू झाला असण्याची शक्यता बळावते.

हे शेण नेमकं कोणाचं? आसपास टायटॅनोसॉर या लांब मानेच्या महाकाय शाकाहारी डायनोसॉरांची हाडं मिळतात, म्हणून बहुतेक अभ्यासक त्यांचंच नाव घेतात. पण शेणावर सही नसते, आणि इतक्या थोर देहाच्या मानाने गोळे लहान आहेत ही शंकाही रास्त आहे. ती शंका खुली ठेवूनच हे वाचावं. गवत मात्र कोणी का खाल्लेलं असेना, ते तिथं होतं.

पिसदुऱ्याच्या मातीत आणखी एक वस्तू आहे, तिच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. पांढरट, वेडेवाकडे चुन्याचे खडे. विदर्भातल्या शेतकऱ्याला ते नवीन नाहीत. आजच्या काळ्या मातीतही नांगराला लागतात ते हेच, चुनखडीचे खडे. पावसाचं पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेतं, उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की खडा वाढतो. पाऊस फारच जास्त असेल तर चुना पार वाहून जाईल, कोकणात असे खडे होत नाहीत. मुळीच पाऊस नसेल तर चुना हलणारच नाही. म्हणून हे खडे सांगतात: भिजवणारा पावसाळा होता आणि नंतर लांब, कोरडा उन्हाळा. टायटॅनोसॉरांच्या चांद्यालाही ऊन लागत होतं.

तिथून जवळ डोंगरगावला मात्र थर वेगळे आहेत. तिथं तळं होतं, मासे होते. त्याच परिसरात सापडलेल्या टायटॅनोसॉरला आज आयसिसॉरस म्हणतात. एकाच काळात, चालत जाण्याच्या अंतरावर, एकीकडे भेगाळणारी पूरजमीन आणि दुसरीकडे पाणी टिकवून धरणारं तळं. उन्हाळ्यात प्राणी कुठून कुठं जात असतील याचा अंदाज आज नकाशावर बोट फिरवून करता येतो.

नंतर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा आला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा, आणि मधल्या विश्रांतीत त्या काळ्या खडकावर तळी साचली, त्यात गोगलगायी आल्या, पाण्यावर अ‍ॅझोला ही पाणवनस्पती तरंगली. नागपूरच्या टाकळीत हिस्लॉप यांना मिळालेले जीवाश्म अशाच तळ्यांतले. पण वरोऱ्याच्या पश्चिमेला गेलं की खालचं सगळं या काळ्या झाकणाखाली नाहीसं होतं. पश्चिम आणि मध्य महाराष्ट्रात डायनोसॉरांच्या काळातली जमीन कशी होती, हे पाहायला खोल भोकंच पाडावी लागतात.

ती भोकं भूकंपांमुळे पडली. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं विंधन केलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसॉल्टच्या, म्हणजे त्या काळ्या लाव्हा-खडकाच्या, खाली जवळपास आठ मीटर जाडीचा गाळाचा थर लागला आणि मग प्राचीन ग्रॅनाइटी खडक. कोयनेच्या परिसरात सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट पार करून यंत्र खाली गेलं, तर मधे गाळच नाही, थेट ग्रॅनाइट. गाळ नसणं हीसुद्धा नोंदच असते. लाव्हा पोहोचला तेव्हा कोयनेच्या त्या जागी उघडा खडक होता. तिथं एक तर काही साचत नव्हतं, किंवा साचलेलं धुऊन दुसरीकडे जात होतं, म्हणजे ती जागा उंचावर असावी. किल्लारीला मात्र चिखल बसण्याइतकं पाणी थांबत होतं.